वापरकर्त्यांची यादी सॉफ्टवेअरच्या पोटात नको



बदल्यांचे आदेश निघाले की रिसोडचा शिक्षक मानोऱ्याला जातो, कारंज्याचा लिपिक मालेगावला. माणूस हलतो, त्याचे लॉगिन मात्र जुन्या जागीच चालू राहते. हजेरीचे सॉफ्टवेअर वेगळे, वसुलीचे वेगळे, दाखल्यांचे आणखी वेगळे, आणि प्रत्येकाची वापरकर्त्यांची यादी स्वतंत्र. मग सोय म्हणून एकच पासवर्ड चौघांत फिरतो. चुकीची नोंद झाली तर ती कोणाच्या हातून झाली, याचा पत्ता लागत नाही आणि बोलणी भलत्यालाच खावी लागतात.

सर्व्हरवर बसवायचे नवे सॉफ्टवेअर आता बहुधा डॉकरच्या कंटेनरमध्ये येते. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एकत्र बांधलेले गाठोडे. नवी आवृत्ती आली की जुना कंटेनर टाकून नवा उभा करतात. जे मुळात टाकून देण्यासाठीच बनवले आहे, त्यात माणसांची ओळख कशाला कोंडायची? ती बाहेर, एका जागी असावी आणि प्रत्येक सॉफ्टवेअरने तिथे विचारून दार उघडावे. त्यासाठीची खुली मानके जुनी, पारखलेली आहेत: एलडॅप 1993 पासूनचे, एसएएमएल 2.0 हे 2005 चे, ओपनआयडी कनेक्ट 2014 चे.

'एवढ्याशा संस्थेला हे कशाला?' असे विचारले जाते. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलेले दीक्षा हे शैक्षणिक व्यासपीठ ज्या सनबर्ड प्रणालीवर उभे आहे, तिच्यात लॉगिनसाठी कीक्लोक वापरले आहे. हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि स्वतःही कंटेनरमध्येच चालते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 'परिचय' ही एकच लॉगिनची सोय आहे. शिवाय ई-प्रशासनात खुली मानके वापरावीत हे केंद्राचे धोरण 2010 पासूनच आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो: ओळख तपासणारा तो एक सर्व्हर बंद पडला तर सगळीच दारे बंद होतील. वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे असलेल्या तालुक्यात ही भीती खरी आहे. म्हणून त्याचा रोजचा बॅकअप हवा, आणि आणीबाणीसाठी एक स्वतंत्र प्रशासक खाते, ज्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात कार्यालय प्रमुखाकडे राहील. इतकी तयारी ठेवली की हा धोका आवाक्यात येतो. बदलून गेलेल्यांची पन्नास लॉगिने उघडी राहण्याचा धोका मात्र कोणाच्या नजरेसही पडत नाही.

खरेदी करणाऱ्यांनी एका गोष्टीची खबरदारी घ्यावी. काही कंपन्या अशा बाहेरच्या, एकत्रित लॉगिनची सोय फक्त महागड्या योजनेत देतात. त्यामुळे ती अट निविदेतच लिहावी, नंतर घासाघीस करण्यात अर्थ नसतो. लॉगिन एकत्र झाले म्हणजे काम संपले असेही नाही. आधीच उघडलेले सेशन तसेच चालू राहू शकते, म्हणून खाते बंद होताच तेही तुटले पाहिजे.

जिल्ह्यातील नगरपरिषदा, बाजार समित्या, महाविद्यालये आणि पतसंस्था यांना माझी कळकळीची विनंती आहे. बिल मंजूर करण्यापूर्वी पुरवठादाराला समोर बसवा. एक खाते उघडून त्याच खात्याने सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायला सांगा. मग ते खाते एकाच ठिकाणी बंद करायला लावा आणि तो माणूस सगळीकडून बाहेर पडला की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. न पडल्यास सही करू नका.

— एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशिम