बॉक्स बदलण्याआधी केबल काढा

डीटीएचचा बॉक्स दर दहा मिनिटांनी स्वतःच रीस्टार्ट व्हायला लागला, की कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर नवा बॉक्स घ्या. गावी आई-बाबा हे ऐकून मुकाट पैसे भरतात. आणि आपण? ऑफिसात सर्व्हर पडला तर आधी लॉग बघतो, घरी मात्र "घेऊन टाका नवीन" म्हणून फोन ठेवतो!

माझं म्हणणं सोपं आहे. रीसेट सगळ्यात शेवटी, आधी एकेक गोष्ट वेगळी काढा.

पावसाला उगाच दोष देऊ नका. पावसात सिग्नल जातो, चित्र फुटतं, पण त्यानं बॉक्स रीस्टार्ट होत नाही.

प्लग काढून डिशची केबल सोडवा आणि बॉक्स नुसताच चालू ठेवा. तरीही पडला, तर डिश निर्दोष. मग तेवढ्याच व्होल्टचा, निदान तेवढ्याच अँपिअरचा आणि तशाच पिनचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. उष्णतेनं आतले कपॅसिटर सुकतात आणि लोड आला की व्होल्टेज कोसळतं.

केबलशिवाय टिकला, तर खरी गंमत पुढेच. बॉक्स त्याच केबलमधून डिशवरच्या एलएनबीला वीज देतो, चॅनेलप्रमाणे साधारण १३ किंवा १८ व्होल्ट. म्हणजे ठराविक चॅनेलवरच पडत असेल, तर केबलमध्ये पाणी शिरलंय का, कनेक्टरची जाळी मधल्या तारेला टेकलीय का, ते आधी तपासा.

तेव्हा पुढच्या वेळी घरून फोन आला, तर एवढं तरी विचारा: "नेमका कधी पडतो?"