वाळवीने खाल्लेली जागा

जुन्या मोडी कागदपत्रांच्या संशोधकांत एक कडक शिस्त आहे: कागद जेथे वाळवीने खाल्ला असेल तेथे, मागचापुढचा संबंध पाहता अमुकच शब्द असणार अशी कितीही खात्री वाटली, तरी नकलेत ठिपके द्यावयाचे, आणि तर्क लढवावयाचाच झाला तर तो कंसात लढवावयाचा. नेत्रवैद्यकातील नव्या यंत्रांविषयी वाचताना या शिस्तीची मला वारंवार आठवण होते.

ओसीटी ही तपासणी आता जिल्ह्याच्या गावीही परिचयाची झाली आहे. 1991 साली एमआयटीतील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जगापुढे मांडली. डोळ्याला स्पर्शही न करता, प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून ती पडद्याचे थर उलगडून दाखविते. पण गंमत अशी, की ज्या व्यतिकरणामुळे हे चित्र उमटते त्याच व्यतिकरणामुळे त्यावर रवाळ ठिपक्यांचा सडाही पडतो. तो घालविण्याचा जुना उपाय म्हणजे एकाच जागेचे अनेक स्कॅन घेऊन त्यांची सरासरी काढणे. परंतु त्यासाठी नजर स्थिर ठेवावी लागते, आणि सत्तरी उलटलेल्या, अंधूक दिसणाऱ्या रुग्णाकडून ती अपेक्षा कशी करावी? येथे डीप लर्निंग मदतीस येते. रवाळ व स्वच्छ अशा चित्रांच्या असंख्य जोड्या पाहून तयार झालेले संगणकीय जाळे एकाच ओबडधोबड स्कॅनवरून क्षणार्धात नितळ चित्र काढून देते.

यंत्राने रोग ओळखावा, याला माझा विरोध नाही. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेही रुग्णांच्या पडद्याची छायाचित्रे स्मार्टफोनवर घेऊन, इंटरनेटवाचून तेथल्या तेथे ती पारखण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार, ज्या 213 जणांची छायाचित्रे पारखण्याजोगी निघाली त्यांत पुढे पाठविण्याजोगा एकही रुग्ण निसटला नाही. काही जणांना पुढची तपासणी विनाकारण सुचविली गेली एवढेच. तेथे यंत्र शेरा मारते, आणि तो चुकला तर पडताळावयास मूळ छायाचित्र दप्तरी असते. चित्र सुधारणारे यंत्र मात्र साक्षीदाराच्या जबानीतच फेरफार करते. त्याने जे डोळे वारंवार पाहिले त्यांच्याच वळणावर ते रिकाम्या जागा भरणार. आणि क्वचित आढळणारा, द्रवाचा तो इवलासा फुगवटा, ज्याच्या शोधात डॉक्टर असतो, तोच ठिपक्यांचा कचरा समजून पुसला जाण्याचा धोका राहतो.

म्हणून सुधारित चित्रावर तसा शेरा असावा, अस्सल स्कॅन त्याच्या शेजारी उघडता यावा, आणि तो नष्ट करण्याची मुभा कोणत्याही रुग्णालयास नसावी. साठवणुकीचा खर्च वाढेल, ही तक्रार मला ऐकू येते. परंतु पाच वर्षांनी तोच रुग्ण दुसऱ्या डॉक्टरसमोर बसून ‘तेव्हा नेमके काय होते?’ असे विचारू लागला, तर दप्तरातून काढून दाखवावयास नकलेखेरीज काहीतरी हवे.