वर्गणीची वही आणि दोन आठवड्यांचा खोकला

वरळीच्या बीडीडी चाळीतील 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर, मजल्यावरच्या सामाईक संडासाऐवजी घरातच स्वच्छतागृह आणि तीन मजली चाळीऐवजी चाळीस मजली टॉवर. आरोग्याच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा आहे. पण या स्थलांतरात एक गोष्ट हरवण्याची भीती आहे आणि ती कोणत्याही करारनाम्यात लिहिलेली नाही. ती म्हणजे शेजाऱ्याचा खोकला ऐकू येणे.

1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या मुंबईत 207 इमारती, त्यांपैकी 121 एकट्या वरळीत. एका मजल्यावर 20 खोल्या, एका इमारतीत 80. अशा दाटीवाटीत क्षयरोगाचे फावते. हवेतून पसरणाऱ्या या जंतूला बंद, अंधारी आणि गर्दीची खोली मानवते. मात्र त्याच चाळीच्या गॅलरीत कोण महिनाभर खोकतो आहे, कोणाचे कपडे सैल झाले आहेत, कोण कामावर जात नाही, हे मजल्याला लगेच कळते. मग मंडळाचा एखादा पोरगा त्याला घेऊन केईएम किंवा नायरच्या ओपीडीत रांगेला उभा राहतो. ही व्यवस्था सरकारी कागदावर नाही, पण तिने अनेकांचे निदान वेळेत झाले आहे.

तिचे मोल आकडेवारीतूनही कळते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि 2023 मध्ये या आजाराने जगात साडेबारा लाख माणसे दगावली. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी जवळपास 64 टक्के लोक कोणत्याही दवाखान्यात गेलेच नव्हते. सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे 43 टक्के तर केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले, कारण त्यांच्यात ठळक लक्षणे नव्हती. अर्थ सरळ आहे. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहत बसलो, तर निम्मी लढाई दाराबाहेरच हरतो. दारापर्यंत कोणीतरी जायला हवे आणि ज्याला पाहून दार उघडले जाईल, असाच माणूस जायला हवा.

तरुणांनी हे काम पूर्वी करून दाखवले आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांतील मुलांची ‘यंग लॉर्ड्स’ ही संघटना होती. बहुतेक जण विशीतले. त्यांनी घरोघरी जाऊन क्षयाच्या चाचण्या केल्या. पुढच्या तपासणीसाठी एक्स-रेची फिरती गाडी होती, पण ती वस्तीच्या सोयीने मिळेना. तेव्हा 17 जून 1970 रोजी या तरुणांनी ती गाडीच ताब्यात घेऊन वस्तीत आणली आणि तपासणी सुरू केली. अखेर प्रशासनाला त्यांच्याशी बोलून गाडी वस्तीसाठी चालवणे मान्य करावे लागले. सरकारी गाडी पळवणे हा काही अनुकरणाचा मार्ग नव्हे. पण यंत्र होते, तंत्रज्ञ होते, रुग्णही होते. अडले होते ते त्यांना एकत्र आणण्यापाशी, आणि ते तरुणांनी केले.

वरळीला ही गोष्ट तितकी परकी नाही. यंग लॉर्ड्सनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीकडून प्रेरणा घेतली होती. त्याच चळवळीवरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरचे नाव पडले. 5 जानेवारी 1974 रोजी वरळीच्या बीडीडी चाळीत झालेल्या पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली आणि परिसर कित्येक दिवस धुमसत राहिला. पँथरचा लढा जातीय अत्याचारांविरुद्धचा होता, आरोग्याचा नव्हता. पण माणसाला माणूस म्हणून जगता यावे, ही मागणी दोन्हींच्या मुळाशी आहे. कोणाच्या घरात ऊन आणि वारा येतो आणि कोणाच्या येत नाही, हा वैद्यकाइतकाच सामाजिक प्रश्न आहे.

टॉवर बांधला की तो प्रश्न सुटतो, असेही नाही. गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केला होता. 2018 मध्ये पुढे आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या केलेल्या इमारतींमध्ये, विशेषतः खालच्या मजल्यांवर, ऊन-वारा पोहोचत नव्हता आणि तिथे क्षयाचे प्रमाण अधिक होते. वरळीची नवी घरे त्यांहून पुष्कळ मोठी आहेत. तरीही इथल्या खिडक्या उघड्या राहतील ना, जिन्यात आणि लॉबीत हवा खेळेल ना, पुढच्या इमारती एकमेकींचा उजेड अडवणार नाहीत ना, हे रहिवाशांनी आताच विचारायला हवे. हे विचारण्याची धमक चाळीतल्या शिकलेल्या मुलामुलींत आहे.

दुसरे काम सोबतीचे. साध्या क्षयाचा उपचार किमान सहा महिने चालतो. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि नेमकी तेव्हाच गोळ्यांत खंड पडतो. रोजंदारीवरचा तरुण खाडा नको म्हणून दवाखाना टाळतो. अशा वेळी आठवड्यातून एकदा दार वाजवणारा मित्र कामी येतो. आहाराचेही तसेच. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राशन्स’ अभ्यासात रुग्णाच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. सरकार रुग्णाला उपचारकाळात दरमहा 1,000 रुपये देते. ‘नि-क्षय मित्र’ योजनेत कोणतेही मंडळ रुग्णाच्या शिध्याची जबाबदारी घेऊ शकते. दहीहंडीच्या खर्चातला छोटा वाटाही त्यासाठी पुरेल.

या कामाला मर्यादाही आहेत. कार्यकर्त्याने डॉक्टर होऊ नये. औषध सुचवू नये, बदलू नये. रुग्णाच्या परवानगीशिवाय त्याचे नाव कोणालाही सांगू नये, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. क्षयाच्या नुसत्या कुजबुजीने आजही लग्ने मोडतात, नोकऱ्या जातात. रुग्णाला वाळीत टाकण्याचे तर कारणच नाही. योग्य उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते. घरी राहून उपचार घेणारे रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णांसारखेच बरे होतात आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही, हे मद्रासच्या अभ्यासाने 1959 मध्येच दाखवून दिले होते.

आणि तरुण पुढे आले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला होता. मंडळाचा कार्यकर्ता रुग्णाला दवाखान्यापर्यंत आणू शकतो. तिथे गोळ्या असणे हे सरकारचे काम आहे. वस्तीत एक्स-रेची गाडी नियमित येणे आणि थुंकीच्या तपासणीचा अहवाल वेळेवर मिळणे हेही सरकारचेच काम.

टॉवरमध्ये दारे बंद असतात, लिफ्टमध्ये मान मोबाइलमध्ये असते. तरीही गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची मुले प्रत्येक दारी जाणारच. कोणत्या घरात किती माणसे, कोण गावी गेले, कोण आजारी, हे वर्गणीची वही घेऊन फिरणाऱ्याला सर्वेक्षण करणाऱ्याआधी कळते. पावती फाडताना त्यांनी एक प्रश्न जास्तीचा विचारावा : ‘घरात कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, बारीक ताप आहे का? वजन घटलंय का?’ उत्तर ‘हो’ आले, तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाबरोबर जवळच्या पालिका दवाखान्यात जावे. तपासणी मोफत आहे, औषधेही मोफत आहेत.