बाटल्यांचे पीक आणि दोन चाकांची गाडी



गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीत चारसूत्री भात लागवडीचे प्रात्यक्षिक ठेवले होते. मी पोहोचलो तेव्हा शेताचे मालक (आपण त्यांना तात्या म्हणू) बांधावर डोक्याला हात लावून बसलेले. आदला दिवस रविवार होता. धबधबा बघायला निघालेल्या कुणीतरी मोटार रस्त्याच्या खाली उतरवली होती, ती थेट तरव्यात. रोपांचे दोन वाफे चाकांखाली चिखलात गाडले गेले होते. बाजूला बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या आणि कागदी ताटल्या पडलेल्या.

तात्या म्हणाले, "साहेब, दुसऱ्या गावात पाऊस पडला की भात उगवतो. आमच्या बांधाला बाटल्या उगवत्यात. खत नको, भांगलण नको, दर सोमवारी तोडा!"

मी म्हणालो, "ग्रामपंचायतीत तक्रार द्या." सल्ला बरोबर होता, पण कोरडा होता. तात्या नुसते हसले. मोटारसायकलवरून परत येताना ते हसणे काही डोक्यातून जाईना. आणि एकदम आठवला तो अमेरिकेतला धबधबा. त्याची हकीकत आज सांगतो. ती मौजेची आहेच, पण तात्यांच्या तरव्याशीही तिचा संबंध आहे.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत मिनियापोलिस शहरात राहते. २०१६ च्या मे महिन्यात आईला लेकीचे घर दाखवायचे म्हणून मी सोबत गेलो. दाजी हौशी. एके दिवशी म्हणाले, "दादा, उद्या तुम्हाला धबधबा दाखवतो, पण चालत नाही. सेग्वेवरून!"

सेग्वे म्हणजे काय, तर उभे राहून चालवायची विजेची गाडी. सायकलीची चाके एकापुढे एक असतात, हिची आपल्या बैलगाडीसारखी शेजारी शेजारी. मधे पाय ठेवायला फळी आणि पुढे छातीइतका उंच दांडा. बसायला जागा नाही, ब्रेक नाही, पुढे रेटायला मूठही नाही. आईने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ही तर बिनबैलाची गाडी! मग उलाळ का होत नाही?"

प्रश्न अगदी नेमका होता. बैलगाडीत ओझे पुढे झाले की बैलांच्या मानेवर येते आणि मागे झाले की गाडी उलाळ होते. गाडीवान पोती पुढेमागे सरकवून तोल साधतो. सेग्वेत हे काम यंत्र करते. गाडी किती कलली हे ओळखणारी उपकरणे फळीखाली असतात. माणूस पुढे झुकला की चाके पुढे पळून त्याला सावरतात, मागे रेलला की गाडी मंदावते आणि थांबते. डीन केमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने ही गाडी २००१ च्या डिसेंबरात जगापुढे आणली. तेव्हा सगळी शहरे हिच्यावरूनच फिरतील अशी हवा झाली होती. तसे काही झाले नाही. गाडी महाग होती. तिचा खरा उपयोग झाला तो पोलिसांना आणि पर्यटकांना.

भाडे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. माणशी जे पैसे होते त्यात त्या वेळी आपल्याकडे सोयाबीनचे एक पोते विकून वर पदरचे घालावे लागले असते. आई म्हणाली, "मी आपली नातवाबरोबर बाकावर बसते. तुम्ही पडून या."

तिचे बोलणे खरे झाले. आधी अर्धा तास शिकवले, डोक्याला टोप घातला, कागदावर सह्या घेतल्या. मला वाटले, तीस वर्षे मोटारसायकल चालवतोय, यात काय शिकायचे? गाडी जरा पुढे गेली तसा घाबरून मी दांडा गच्च धरला आणि पुढे वाकलो. वाकलो तशी ती आणखी पळाली. शेवटी हिरवळीवर आडवा झालो. आमची वाटाडी म्हणजे कॉलेजात शिकणारी एक मुलगी. तिने हात देऊन उठवले आणि सांगितले, "भीती वाटली की ताठ उभे राहा. गाडी तुम्हाला सावरते, तिला सावरू द्या." दुसऱ्या खेपेला जमले.

मग आम्ही आठ-दहा जण बदकांच्या पिल्लांसारखे ओळीने तिच्यामागे निघालो. मिसिसिपी नदीचा काठ, समोर सेंट अँथनीचा धबधबा. एवढ्या मोठ्या नदीवरचा हा एकमेव मोठा नैसर्गिक धबधबा. खरे सांगू? पहिल्या नजरेत माझी निराशाच झाली. उंची जेमतेम पन्नास फूट आणि पाणी वाहते तेही सिमेंटच्या उतारावरून. श्रावणात आपल्या घाटात गाडीच्या काचेतून यापेक्षा उंच धारा दिसतात.

पण त्या मुलीने बोलायला सुरुवात केली आणि त्याच धबधब्याला जीव आला.

ती म्हणाली, इथले मूळ रहिवासी डकोटा लोक. हे त्यांचे पवित्र ठिकाण. १६८० साली एक पाद्री आला आणि त्याने आपल्या संताचे नाव याला दिले. वरचा थर चुनखडीचा आणि खाली ठिसूळ वाळूचा दगड. पाणी खालचा दगड पोखरते, वरची लादी तुटते आणि धबधबा मागे मागे सरकतो. अशा रीतीने हजारो वर्षांत तो कित्येक मैल मागे आला. पुढे काही लोकांनी कारखान्यांना पाणी मिळावे म्हणून धबधब्याच्या पोटाखालून बोगदा खणायला घेतला. १८६९ साली नदी बोगद्यात घुसली आणि धबधबाच कोसळायची वेळ आली. गावकऱ्यांनी झाडे, दगड, माती, हाताला येईल ते टाकून भगदाड बुजवले. पुढे १८७६ पर्यंत जमिनीखाली भिंत बांधली आणि वरून उतार केला. म्हणून आज तो उतारावरून वाहतो. विहिरीच्या काठाखालचा मुरूम उपसणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

धबधब्याच्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या चालत. १८८० पासून १९३० पर्यंत हे शहर पिठाच्या धंद्यात जगात पहिले होते. १८७८ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वांत मोठ्या गिरणीत पिठाच्या धुळीने पेट घेतला. असा स्फोट झाला की गिरणी जमीनदोस्त झाली आणि १८ माणसे गेली. होय, पीठ स्फोट करते! पोत्यातले नव्हे, हवेत उडालेले. गावात गिरणी असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. भिंतीवर, तुळईवर पीठ साचू देऊ नये आणि गिरणीत विडी पेटवू नये. त्या जागेवर पुन्हा उभारलेली गिरणीही १९६५ साली बंद पडली. पुढे १९९१ साली ती जळाली आणि २००३ साली तिच्या पडक्या भिंतींतच संग्रहालय झाले. पडक्या भिंतीही त्यांनी टाकून दिल्या नाहीत!

गव्हाची गोष्ट निघाली तसे मला आठवले की डॉ. नॉर्मन बोरलॉग शिकले ते याच शहराच्या विद्यापीठात. त्यांच्या बुटक्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे १९६६ साली मेक्सिकोतून भारतात आले आणि आपली ताटे भरू लागली. मी हे सांगताच सगळी मंडळी माझ्याकडे वळून ऐकू लागली.

एक नवल आणखी. धबधब्याला वळसा घालून बोटी वर चढवण्यासाठी पाण्याची एक मोठी पेटी होती. ती २०१५ च्या जूनमध्ये बंद केली. कारण काय, तर मासा! आपण गावतळ्यात हौसेने सोडतो तो सिल्व्हर कार्प आणि त्याचे भाऊबंद तिथे नदीत सुटले आणि मूळच्या माशांचा घास खाऊ लागले. ते वरच्या पाण्यात चढू नयेत म्हणून दारच बंद केले. एकाच्या तळ्यातले उत्पन्न ते दुसऱ्याच्या नदीतले तण.

शेवटी आम्ही १८८३ सालच्या दगडी कमानीच्या पुलावर थांबलो. एके काळी त्यावरून आगगाडी जायची, आता माणसे फिरतात. त्या मुलीने मला विचारले, "तुमच्या भागात धबधबे आहेत?"

मी छाती फुगवून म्हणालो, "भरपूर!"

"मग त्यांचे पाणी कुठे जाते? त्यावर काय चालते?"

आणि मी अडखळलो. मंडळी, बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस, जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याचा पाऊस मला पाठ. पण आपल्या धबधब्याची गोष्ट चार वाक्यांत सांगता येईना. त्या हिरवळीवर पडलो तेव्हा नव्हती वाटली एवढी लाज तेव्हा वाटली.

सांगण्यासारखे काय कमी आहे आपल्याकडे? राधानगरी धरणाचेच घ्या. छत्रपती शाहू महाराजांनी भोगावतीवर धरणाचा संकल्प केला आणि कन्येचे नाव गावाला दिले. काम पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. बटण दाबायला माणूस लागत नाही, पाण्याचा दाब आणि वजनाचा तोल एवढ्यावर काम चालते. एक दरवाजा उघडला की सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटते. सेग्वे २००१ साली आली. स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारे यंत्र आपल्या राधानगरीत त्याच्या किती आधीपासून उभे आहे! आणि राधानगरीचे जंगल, गव्यांचे म्हणून आपण ज्याला दाजीपूर म्हणतो, ते २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

हे सगळे त्या दिवशी मोटारसायकलवर आठवले आणि पुढच्या सोमवारी मी पुन्हा तात्यांकडे गेलो. म्हणालो, "तात्या, लोकांना थांबवता येणार नाही. पण येणारा माणूस नुसता येतो म्हणून बाटली टाकून जातो. त्याला कुणीतरी हाताला धरून गाव दाखवले तर तो पाहुणा होईल. पाहुणा यजमानाच्या दारात घाण करत नाही."

तात्यांनी विचारले, "आणि ती अमेरिकेची गाडी कुठनं आणायची?"

गाडी नकोच. तिच्या कंपनीने २०२० साली ती काढायचेच बंद केले. आणि आपल्या पावसात, शेवाळलेल्या पायवाटेवर ती चालायचीही नाही. त्या मुलीला मिळाले ते पैसे गाडीचे थोडे आणि गोष्टीचे जास्त होते. वाडीत बसून आम्ही चार गोष्टी ठरवल्या. तुमचे गाव अशा वाटेवर असेल तर तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक, गाड्यांसाठी पडीक तुकडा मोकळा करावा, म्हणजे तरवा वाचतो. सोबत प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये अनामत घ्यावी आणि बाटली परत आणली की पैसे परत द्यावेत.

दोन, दहापेक्षा जास्त माणसे एका वाटाड्याबरोबर नेऊ नयेत. कड्याच्या कडेला आणि वाढत्या पाण्यात कुणालाही जाऊ देऊ नये, मग तो कितीही पैसे देवो. सेग्वे कंपनीचे मालक जिमी हेसेल्डन २०१० साली इंग्लंडात याच गाडीवरून कड्याखाली नदीत पडून वारले. गाडीच्या मालकाला जिथे कड्याने सोडले नाही, तिथे मोबाइलवर फोटो काढणाऱ्या पोराला काय सोडेल?

तीन, वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. आपल्या शेतापुरतेच काम असेल तर राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारावे.

चार, जेवण घरचेच द्यावे. नाचणीची भाकरी, पिठले, कांदा, ठेचा. त्याचे पैसे बचत गटाच्या वहीत जावेत, कारण चुलीपुढे बसणार बायकाच.

याने वाडीत सोने पिकले असे मी म्हणणार नाही. पहिल्या रविवारी दोनच कुटुंबे थांबली. बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या आणि सोमवारी बाटल्या वेचाव्या लागल्याच. भात हेच मुख्य पीक आणि हा झाला तर जोडधंदा, तोही पावसाचे दोन-अडीच महिने. पण तात्यांचा पुतण्या बारावी करून एमआयडीसीत कामाला जायच्या तयारीत होता, तो निदान रविवारी गावात थांबू लागला. धरण, जंगल, भाताच्या जाती, ओढा यांची माहिती त्याने वहीत लिहून पाठ केली. एका रविवारी मी मुद्दाम मागे उभा राहून ऐकत होतो.

इचलकरंजीचे एक वयस्कर गृहस्थ नातवंडांना घेऊन आले होते. हातातली रिकामी बाटली ओढ्याकडे भिरकावता भिरकावता त्यांनी सहज विचारले, "काय रे, हे पाणी पुढं कुठं जातं?"

पोरगा म्हणाला, "काका, ओढा भोगावतीला, भोगावती पंचगंगेला. पंचगंगा तुमच्या इचलकरंजीवरनं नरसोबाच्या वाडीला, कृष्णेत."

गृहस्थांचा हात वरच्या वर थांबला. बाटली त्यांनी पिशवीत ठेवली. अनामतीचे दहा रुपये मात्र जाताना मोजून परत घेतले!

घेऊ द्या. तरवा वाचला, बाटलीही आली. यंदा पेरण्या आटोपल्या की तुमच्या गावच्या पाण्याची गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून पोरांना लिहून घ्यायला सांगा. परक्या देशात कुणी विचारले तर माझ्यासारखी पंचाईत व्हायला नको.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात.