घरच्या संगणकावर सर्व्हर

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी आमच्या कॉलेजची एक विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. आई म्हणाली, "सर, पोरीले ते वेबसाइटचं काम शिकाचं आहे म्हनते. पन नागपूरले खोली करून ठेवनं आमाले जमत नाही. इथंच काही होईन का?"

पांढुर्णा 2023 साली जिल्हा झाला, तरी शिकवणी-वर्ग म्हटले की आपल्या मुलांची नजर नागपूरकडेच जाते. मुलग्यांचे कसेबसे जमते, मुलींचे बहुतेक घरीच अडते. मी म्हणालो, "होईल वहिनी, इथेच होईल." त्या दिवशी तिला जे सांगितले, तेच आज वाचकांसाठी लिहितो आहे.

जावास्क्रिप्ट ही भाषा 1995 साली नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली. ब्राउझरमध्ये, म्हणजे वाचणाऱ्याच्या पडद्यावर, बटणे हलवणे आणि फॉर्म तपासणे हे तिचे मुख्य काम. माहिती साठवणाऱ्या आणि पाठवणाऱ्या दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, बहुधा दुसऱ्याच भाषा चालत. 2008 साली गुगलने क्रोम ब्राउझरबरोबर व्ही-एट हे वेगवान इंजिन आणले. रायन डाल या तरुणाने 2009 साली ते इंजिन ब्राउझरच्या बाहेर काढून 'नोड जेएस' तयार केले. तेव्हापासून एकच भाषा शिकून पडद्यावरचे आणि पडद्यामागचे अशी दोन्ही कामे करता येऊ लागली. नोड फुकट आहे.

नोडची रीत कळायला आपले स्वयंपाकघर पुरे. घरची बाई कुकर लावते आणि शिट्टीची वाट पाहत उभी राहत नाही. तेवढ्यात ती कणीक मळते, भाजी चिरते. शिट्टी झाली की वळून गॅस बंद करते. नोडही असेच करते. एका ग्राहकासाठी फाइल मागवली की ती येईपर्यंत दुसऱ्याचे काम हाती घेते. म्हणूनच एकाच वेळी पुष्कळ लोकांना ते उत्तरे देऊ शकते. पण त्याच बाईला पुरण वाटायला पाट्यावर बसवले, तर बाकी सगळे थांबते. मोठी आकडेमोड त्या एकाच हातावर टाकली की नोडही असेच अडते. ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी.

आता प्रत्यक्ष काम. जुना लॅपटॉप चालेल, मात्र नोडच्या नव्या आवृत्त्या विंडोज 7 वर चालत नाहीत. तिथे विंडोज 10 किंवा त्यापुढचे हवे, नाहीतर फुकट मिळणारे लिनक्स टाकावे. नोडच्या अधिकृत संकेतस्थळावरून एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती उतरवावी. मग नोटपॅडमध्ये चार-सहा ओळींची फाइल लिहून तिच्या नावाला डॉट जेएस हे शेपूट लावावे. नोडमध्ये मुळातच असलेला एचटीटीपी हा भाग मागवायचा, कोणी विचारले तर काय उत्तर द्यायचे ते लिहायचे आणि 3000 क्रमांकाच्या पोर्टवर कान द्यायला सांगायचे. फाइल चालवून ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे 3000 टाकले की आपलेच उत्तर पडद्यावर येते. लोकलहोस्ट म्हणजे आपलाच संगणक. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही.

इथे मराठी मुलांना हमखास ठेच लागते. 'नमस्कार' लिहिले आणि पडद्यावर किडामुंगी अक्षरे आली, तर घाबरू नये. फाइल यूटीएफ-8 मध्ये साठवावी आणि उत्तराच्या मथळ्यातही तसे कळवावे. दुसरी गंमत अशी की आपण 'पांढुर्णा' तीन अक्षरांत म्हणतो, पण जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती नऊ सांगते, कारण काना, अनुस्वार, उकार, हलन्त सगळे ती वेगळे मोजते. नाव किती लांब असावे अशी अट लिहिताना हे विसरू नये.

त्या मुलीने दोन महिन्यांत संत्र्याच्या क्रेटांचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम केला. आंबिया बहाराची तोड सुरू झाल्यावर रोज किती क्रेट गेले, कोणत्या दलालाकडे, काय भाव लागला, हे ती त्यात टाकू लागली. आठव्या दिवशी लाइन गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच बसलेली होती. परत सुरू केले तेव्हा यादी कोरी! साऱ्या नोंदी चालू प्रोग्रॅमच्या स्मरणात होत्या, डिस्कवर एकही नव्हती. पोर रडकुंडीला आली. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी खुंटीवरच्या पिशवीतून आपली वही काढून दिली. त्यांनी ती लिहिणे थांबवलेच नव्हते. वही पाहून तिने सगळे पुन्हा भरले, या वेळी आधी फाइलमध्ये आणि पुढे एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये. मी तिला रागावलो नाही. हा धडा वर्गात सांगून कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. नोडसोबत एनपीएम येते. त्यातून जगभरच्या लोकांनी लिहिलेली तयार पॅकेजे फुकट घेता येतात. पण 2016 साली एकाने आपले 'लेफ्ट-पॅड' नावाचे अकरा ओळींचे पॅकेज काढून घेतले आणि त्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प अडले. नावात एखादे अक्षर बदलून घातक पॅकेजे ठेवणारेही आहेत. तेव्हा नाव नीट वाचावे आणि जे आपल्या दहा ओळींत होते, ते शेजाऱ्याकडे मागू नये.

इंग्रजीची भीती बाळगू नका. या भाषेचे महत्त्वाचे शब्द तीस-चाळीसच आहेत, बाकी सारा विचार मराठीत करता येतो. रोज एक तास द्या आणि पहिला प्रोग्रॅम आपल्याच घरच्या गरजेचा करा. चूक कुठे झाली हे सांगायला घरचे माणूस समोर असते, आणि ते फी घेत नाही.

या वर्षीचा हिशेब त्या घरी लॅपटॉपवर आहे. वहीसुद्धा आहे. मुलीनेच वडिलांना सांगितले, "बाबा, वही सोडू नका."