गंजिफा फारसी, मग खेळ कोणाचा?

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांविषयी चार शब्द कौतुकाचे बोलून झाले की हल्ली एक सूचना हमखास पुढे येते. खेळ आपला, चित्रे आपल्या देवांची, चितारी आपले. मग नाव तेवढे परके कशाला? ‘गंजिफा’ हा यावनी शब्द टाकून द्यावा आणि ‘क्रीडापत्र’ म्हणावे. ही सूचना करणारे बहुधा मराठीचे अभिमानीच असतात, म्हणून तिचा समाचार घेणे आम्हांस अधिक आवश्यक वाटते. परक्याने केलेली कागाळी परतवता येते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ झाला की पंचाईत होते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. पत्त्यांची गंजी रचतात म्हणून गंजिफा, अशी एक घरगुती व्युत्पत्ती आमच्या कानांवर आली आहे. ती ऐकावयास गोड आहे, पण टिकणारी नाही. बाबराने आपल्या आत्मचरित्रात १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद केली आहे. त्याला आपल्याकडील गवताच्या गंजीची गरज नव्हती. फारसीत ‘गंज’ म्हणजे खजिना, आणि नावाचा संबंध त्याच्याशी लावण्याची रीत जुनी आहे. मोगली गंजिफेचे आठ रंग समोर ठेवले की ही रीत पटू लागते : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. सफेद म्हणजे रुप्याचे नाणे, सुर्ख म्हणजे सोन्याचे, किमाश म्हणजे माल. राजाच्या कोठारात जे जे असावयाचे त्याचीच ही यादी आहे.

या यादीतील ‘बरात’पाशी मराठी वाचकाने थोडे थांबावे. बरात म्हणजे खजिन्यावर काढलेला पैसे देण्याचा हुकूम. हाच शब्द जुन्या मराठी दप्तरांत ‘वरात’ या रूपाने वावरतो. अमक्यावर वरात दिली, असे लिहिण्याचा प्रघात होता आणि ती धारण करणारा तो वरातदार. आज आपल्याला वरात म्हटले की घोड्यावरचा नवरदेव तेवढा आठवतो. पैशाची वरात व्यवहारातून गेली, तशी स्मरणातूनही गेली. शब्द घालविण्यासाठी शुद्धीची मोहीम लागतेच असे नाही. तो ज्या व्यवहारात नांदतो तो व्यवहार बंद पडला की पुरते.

आता खेळाकडे वळू. दशावतारी जोडात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, म्हणजे १२० वाटोळी पाने. खेळणारे तीन आणि प्रत्येकाला चाळीस पाने. राजा आणि प्रधान सर्वांत मोठे. त्यांच्यामागून पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाच रंगांत क्रम उलटा, एक्का मोठा. हुकूम नावाची भानगड येथे नाही. कोणते पान पडून गेले हे ज्याला आठवते त्याचा हात होतो. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतारी करावयाची, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने.

मोगली खेळातही दिवसा सुर्खाने आणि रात्री सफेदाने आरंभ होतो. दिवसाचे सोने आणि रात्रीचे रुपे. येथे दिवसाचा राम आणि रात्रीचा कृष्ण, म्हणजे एक सूर्यवंशी आणि दुसरा चंद्रवंशी. हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या कोणी पहिल्यांदा ही जोडणी केली त्याने एक अख्खा खेळ आपल्या भाषेत उतरविला, आणि इतके करूनही नाव बदलण्याची त्याला गरज भासली नाही. उलट बाजूने पाहिले तरी हेच दिसते. ऐन-इ-अकबरीत बारा रंगांच्या १४४ पानांचा जो खेळ वर्णिला आहे त्यातील रंगांची नावे अश्वपती, गजपती, नरपती अशी आहेत. फारसी ग्रंथाला संस्कृत नावांचा विटाळ झाला नाही. आपल्याला एका फारसी नावाचा व्हावा काय?

हा प्रश्न पुण्यात बसणाऱ्याला हौसेचा वाटेल. आंबोलीचा घाट चढून अलीकडे येणाऱ्याला तसा वाटू नये. आम्हां सीमाभागातील मराठी माणसांना वर्षानुवर्षे ऐकविले जाते की तुमच्या बोलीत कानडी शब्द आहेत, तेव्हा तुमची मराठी ती मराठी नव्हे. गोव्यातल्या मराठी माणसाला दुसऱ्या शब्दांत तेच ऐकविले जाते. या आरोपाला आमचे उत्तर एकच आहे : शब्द कोठून आला यावरून भाषा ठरत नाही, तो कोणाच्या व्याकरणात नांदतो यावरून ठरते. अण्णा आणि अक्का कानडीतून आले, चावी आणि बटाटा पोर्तुगिजांकडून आले, म्हणून पुण्याची मराठी कोणी जप्त केली नाही. मात्र ‘गंजिफा’ फारसी म्हणून हाकलावयाची असेल, तर हे उत्तर आम्ही कोणत्या तोंडाने द्यावे? शुद्धिवाद्यांची फूटपट्टी आणि आमच्या विरोधकांची फूटपट्टी एकच आहे. ‘हुकमाचा एक्का’ हा आपला वाक्प्रचार. त्यातील हुकूम अरबी आहे. तोही परत करावयाचा काय?

माधव जूलियनांचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. जन्माने बडोद्याचे, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे. पुढे त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. तो पक्ष आम्हांस मान्य नाही. पण त्यापूर्वी, १९२५ साली, ‘फार्शी-मराठी कोश’ही त्यांनीच सिद्ध केला होता. त्यांनी शब्द आधी गोळा केले, जोखले, अर्थ लावले. आजचे शुद्धिवादी हा पहिला अर्धा भाग वगळून थेट झाडूच हाती घेतात.

गंजिफेवरचे खरे संकट नावात नाही. १९७० च्या सुमारास शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात या कलेला पुन्हा आसरा दिला म्हणून पाने तरी राहिली. परंतु आज ती बहुतांशी भिंतीवर आणि काचेच्या कपाटात राहतात. ज्यांना अभिमान मिरवावयाचा आहे त्यांनी नाव बदलण्याचा खटाटोप सोडावा आणि प्रत्येक जोडासोबत खेळाचे नियम शुद्ध मराठीत छापून द्यावेत. उतारी, हात, प्रधान, दश्शी हे शब्द त्यात यावेत आणि वर ठळक अक्षरांत ‘गंजिफा’ असावे. मग बेळगावात, इंदुरात आणि बडोद्यात तिघांनी बसून एक डाव पुरा करावा. १२० पाने लक्षात ठेवणे सोपे नाही. पहिल्या दोन-तीन डावांत भांडणे होतील, ती मराठीत व्हावीत.