लिटरापासून ग्रॅमापर्यंत

रसायनशास्त्राच्या अभ्यासांत सर्वांच्या तोंडीं असलेला आणि फार थोड्यांस समजलेला असा एखादा आंकडा असेल, तर तो २२.४ होय. वायूचें घनफळ लिटरांत दिलें कीं त्यास २२.४ नें भागावें, भागाकारास रेणुभारानें गुणावें आणि उत्तराखालीं दोन रेघा ओढाव्या, अशी चाल आम्हां विद्यार्थ्यांत पडून गेली आहे. पाठांतर वाईट असें आमचें म्हणणें नाहीं; पाढ्यांवांचून गणित चालत नाहीं. परंतु पाढा सर्व स्थळीं व सर्व ऋतूंत खरा असतो, आणि २२.४ हा आंकडा तसा नाहीं.

चुन्याच्या निवळींत कर्बद्विप्राणिद वायु सोडला असतां ती दुधासारखी पांढरी होते, हा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. या संयोगांत जितके मोल वायु खर्च होतो तितकेच मोल चुनखडी तयार होते, आणि चुनखडीच्या एका मोलाचें वजन १०० ग्रॅम असतें. निवळी पुरेशी असून सर्व वायु शोषला गेला, तर २.२४ लिटर वायूपासून १० ग्रॅम चुनखडी मिळावी. उत्तर बरोबर आहे; पण केव्हां? वायूचें उष्णमान ० अंश सेंटिग्रेड आणि दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असेल तेव्हां. तोच २.२४ लिटर वायु २५ अंशांवर मोजला, तर एका मोलास सुमारें २४.५ लिटर जागा लागत असल्यानें चुनखडी ९ ग्रॅमांहून थोडीच अधिक मिळेल. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब जवळजवळ एक सप्तमांशानें कमी असतो. तेथील हवेच्या दाबास, २५ अंशांवर, तितकाच वायु मोजून घेतला तर ८ ग्रॅम चुनखडीहि हातीं लागणार नाहीं. बाटली तीच, समीकरण तेंच. दोन ग्रॅम मात्र नाहींसे झाले! ते कोणीं नेले नाहींत. ते त्या बाटलींत मुळीं नव्हतेच.

आव्होगाद्रो यांनीं १८११ सालीं असें सुचविलें कीं, उष्णमान व दाब समान असतां वायूंच्या समान घनफळांत रेणूंची संख्या समान असते. या विचाराकडे जवळजवळ अर्धशतक दुर्लक्ष झालें. १८६० सालीं कार्ल्सरूह येथील परिषदेंत कानित्सारो यांनीं त्याचा पुरस्कार केला, आणि अणुभारांविषयींचा गोंधळ हळूहळू मिटला. ज्या अटीवर हा सिद्धांत उभा आहे, ती ‘उष्णमान व दाब समान असतां’ ही अटच आम्ही उदाहरण सोडवितांना गाळून टाकतों. पुढें १९८२ सालीं रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघानें प्रमाण दाब १ बार, म्हणजे सुमारें ७५० मिलिमीटर पारा, असा ठरविला. त्या दाबास व ० अंशांवर एका मोलाचें घनफळ २२.७ लिटर होतें. अट बदलतांच आंकडा बदलला, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

कोणी म्हणेल, परीक्षेंत गुण मिळतात, मग एवढी चिकित्सा कशास? पण हा हिशेब परीक्षेपाशींच संपत नाहीं. शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यास गुंगी देणाऱ्या यंत्रांत, त्याच्या उच्छ्वासांतील कर्बद्विप्राणिद शोषून घेण्यास चुन्याचे दाणे ठेवितात. तेथेंहि अखेर चुनखडीच तयार होते. किती लिटर वायूस किती ग्रॅम दाणे पुरतील, हा तेथें गुणांचा प्रश्न नसून श्वासाचा प्रश्न असतो.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. उदाहरण घालणारांनीं उष्णमान व दाब सांगितल्यावांचून घनफळ देऊं नये, आणि सोडविणारांनीं ते विचारल्यावांचून भागाकारास हात घालूं नये. लिटरापासून ग्रॅमापर्यंत जाण्यास सरळ वाट नाहीं. ती रेणूंच्या मोजणीवरूनच जाते. जो ही वाट एकदां समजून चालेल, त्याला २२.४ पाठ नसले तरी चालेल.